दुसऱ्याने खायची गूजबेरी

स्केलबेक, यॉर्कशायर
१२ ऑगस्ट १९३४

प्रिय एमस,

काल शाळेच्या हॉलमध्ये मी पुन्हा रूबेन फेदरस्टोनची गूजबेरी खाल्ली. सलग चौथं वर्ष. तू गाव सोडून मिडल्सब्रोला लोखंडी सामानाचं दुकान थाटलंस, आता तुला या गोष्टीचं हसू येईल. पण तू इथलाच आहेस. सगळ्यात जड फळाच्या स्पर्धेत दुसरा नंबर आलेल्या माणसाचे काय हाल होतात ते तुला मी काय सांगायचं? जिंकलेली गूजबेरी बशीत घालून माझ्यापुढे ठेवली. कोंबडीच्या अंड्याएवढी होती. सगळं गाव खुर्च्या पुढे सरकवून बसलं. म्हाताऱ्या जेबेझने तराजूवर हात ठेवून विचारलं, "एनक गार्बट, मन साफ करून सांग, कशी आहे?" सालीसकट संपवून मी म्हणालो, "गोड आहे." त्यानंतरच रूबेनचं नाव फळ्यावर चढलं.

हरलेल्याच्या पोटात राग राहू नये म्हणून ही रीत, असं आपले आजोबा सांगायचे. राग राहतोच, वर गूजबेरी जाते.

घरी येताना एडा म्हणाली, "जरा हसून म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?" मी म्हटलं, तुला एवढं वाटतं तर तू खा. पुढे घरापर्यंत ती माझ्या दहा पावलं पुढे चालली. आज सकाळी मात्र रूबेनला तिने हॅम भरून भाजलेली पाई नेऊन दिली. बायको गेल्यापासून बिचारा नीट जेवत नाही म्हणे. सायकलवरून अख्ख्या खोऱ्याचं टपाल वाटणारा तो माणूस घोड्यासारखा जेवतो, शेजारच्या भिंतीवरून मी रोज बघतो.

माझी सगळ्यात मोठी गूजबेरी स्पर्धेच्या तोंडावर कस्तूर पक्ष्याने फोडली, नाहीतर निकाल वेगळा लागला असता. रूबेनने आपल्या झुडपावर बायकोचा जुना जाळीचा पडदा घातलाय. एडा म्हणते तूही घाल. मी घातला की लोक म्हणणार, रूबेनचं बघून केलं. तर तुझ्या दुकानात ती बागेतली छोटी बंदूक असते ना, नऊ मिलिमीटरची, बारीक छर्ऱ्यांची, जिच्या आवाजाने कोंबड्याही उडत नाहीत, तशी एक मला पाठव.

तुझा चुलतभाऊ,
एनक


मिडल्सब्रो
२० ऑगस्ट १९३४

प्रिय एनक,

तुझं पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि खिळे मोजायचे राहिले. तुझ्या पत्रात कस्तूर एकदाच आला, तोही शेवटी. रूबेन मात्र पहिल्या ओळीपासून बसलाय. तेव्हा बंदूक नक्की कुणासाठी, एवढं आधी स्वतःशी ठरव.

बंदूक रेल्वेने पाठवतोय. नवी नाही, एका पाद्र्याच्या माळ्याची होती, पण नळी आतून आरशासारखी आहे. एका वेळी एक काडतूस. छर्रे मोहरीपेक्षाही बारीक. आठ-दहा पावलांत पाखरू पडतं, त्यापुढे छर्रे पसरतात आणि कुठे जातील ते त्यांनाच ठाऊक. गुलाबाच्या कळ्यांमधून उंदीर मारायला याहून चांगलं काही नाही. स्वतःच्या भिंतीच्या आत चालवशील तोवर परवाना लागत नाही. भिंतीपलीकडे चालवलीस तर परवान्याचं मी बघणार नाही, आणि बाकीचंही बघणार नाही.

आमच्याकडे गूजबेरी बाजारातून पाटीने येते, कोण वाढवतो, कोण हरतो, कुणाला पत्ता नसतो. पहिल्या वर्षी मीही अंगणात एक झुडूप लावलं होतं. धुराने मेलं. त्यामुळे चार वर्षं दुसरा येणाऱ्या माणसाची मला दया येत नाही हे समजून घे.

एडाला नमस्कार. पाईबद्दल मी काही बोलत नाही.

एमस


स्केलबेक
२ सप्टेंबर १९३४

प्रिय एमस,

बंदूक पोचली. कुणाच्या हातून पोचली असेल? स्टेशनमास्तरने खोकं रूबेनकडे दिलं आणि तो ते सायकलला बांधून चढ चढून घेऊन आला. दारातच म्हणाला, "एनक, खोकं लांबडं आहे. मासेमारी सुरू केलीस की काय?"

मग काय, अर्धं गाव आमच्या परसात. माझ्या सुतारकामाच्या फळीवर मी एक डबा ठेवला आणि उडवून दाखवला. टाळी वाजावी तसा आवाज, आणि डब्याची चाळण. म्हातारा जेबेझ म्हणाला, असलं काही त्याने आयुष्यात पाहिलं नाही. पहिल्यांदाच, एमस, लोक आमच्या बाजूच्या भिंतीशी उभे होते आणि पाठ रूबेनच्या झुडपाकडे होती.

तेही त्याला सोसलं नाही. पुढे येऊन म्हणाला, "छर्रे मूठभर देतोस का? व्हिनेगरच्या बाटलीत घालून हलवले की तळ घासून निघतो." सगळ्यांदेखत नाही कसं म्हणणार? दोन काडतुसं फोडून त्याच्या तळहातावर ओतली. आता छर्ऱ्यांसकट ती बाटली त्याच्या खिडकीत उन्हात ठेवलेली असते, आणि येणारा जाणारा म्हणतो, रूबेनची बाटली कशी लखलखते बघा. छर्रे माझे, लखलखाट त्याचा.

एनक


स्केलबेक
१६ जून १९३५

प्रिय एमस,

हिवाळाभर लिहिलं नाही, कामं होती. शवपेट्यांचं काम यंदा जास्त होतं, खोकल्याची साथ होती.

माझ्या झुडपावर यंदा फक्त सात फळं ठेवलीत, बाकी खुडली. बंदुकीने तीन कस्तूर पाडले, बाकीच्यांनी आमची भिंत सोडली. ते आता रूबेनच्या बागेत जातात. मला त्याचं वाईट वाटतं असं मी म्हणणार नाही.

पण शेजारधर्म म्हणून एक केलं. गुरुवारी रूबेन टपाल घेऊन वर गेला होता. वाऱ्याने त्याचा पडदा एका बाजूने उडाला होता आणि एक कस्तूर थेट त्याच्या सगळ्यात मोठ्या फळाशेजारी जाऊन बसला. मी भिंतीवरून नेम धरला आणि उडवली. अंतर जरा जास्त होतं. पाखरू उडालं. रूबेनला मी सांगितलं नाही, उगाच उपकार कशाला दाखवायचे? त्याच्या झुडपाला काही झालेलं नाही. दोन पानांना भोकं, एवढंच.

त्याचं ते फळ आताच माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं आहे. काय घालतो मुळांशी देव जाणे. विचारलं तर म्हणतो, "काही नाही रे, चहाची पत्ती." चहा आमच्याकडेही होतो.

एनक


मिडल्सब्रो
२१ जून १९३५

प्रिय एनक,

पाखरू उडालं ते कुठल्या बाजूला? कस्तूर घाबरला की आरडत जातो, सगळ्या गल्लीला कळतं. शेजाऱ्यांपैकी कुणी काही म्हणालं का? मी आपला सहज विचारतो. तीस वर्षं काउंटरमागे उभं राहून सवय लागली आहे, गिऱ्हाईक माल परत आणतं तेव्हा मी माल बघत नाही, गिऱ्हाईक बघतो.

एमस


स्केलबेक
२६ जून

एमस भावजी,

एनक करवत घेऊन वरच्या शेतावर गेलाय म्हणून लिहायला बसले. तुमचं पत्र त्याने वाचलं आणि चुलीत टाकलं. कधी टाकत नाही, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "एमसला पाखरांचं भारी प्रेम आलंय."

भावजी, कस्तूर नव्हताच. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बटाटे सोलत होते. पडदा उडालेला होता हे खरं. हा भिंतीशी उभा राहून त्या फळाकडे बघत होता. बराच वेळ. एखादं पोर दुसऱ्याच्या ताटाकडे बघतं तसं. मग आत येऊन बंदूक घेऊन गेला. मला वाटलं उंदीर असेल. उडवली आणि तिथेच उभा राहिला, जणू कुणी दुसऱ्यानेच उडवलीय. माझ्या हातातला बटाटा तसाच राहिला.

मी त्याला काही बोललेले नाही. बोलले तर तो आधी कस्तुराची शपथ घेईल आणि मग ती त्याला मोडता येणार नाही. तुम्ही त्याला सख्ख्या भावासारखे आहात, तुम्ही सांगा काय करू. आणि पाईचं मनात ठेवू नका. रूबेनची बायको डोरोथी माझी मैत्रीण होती, शेवटी तिनेच मला सांगितलं होतं, याच्या जेवणाकडे बघ.

तुमची
एडा


मिडल्सब्रो
२९ जून

एडा,

बोलू नकोस, बरोबर केलंस. मी आडून आडून बोलतो, मला ते जमतं. तो माणूस वाईट नाही, त्याला फक्त चार वर्षं एकच फळ खायला लावलंय.

हे पत्रही चुलीतच जाऊ दे.

एमस


स्केलबेक
१४ जुलै १९३५

प्रिय एमस,

एक गंमत झाली. काल संध्याकाळी रूबेन भिंतीशी आला. "एनक, जरा येतोस का? तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे." आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला आपल्या झुडपाशी नेलं. पडदा बाजूला केला. ते फळ, एमस, हिरवट पिवळं, शिरा अशा की कुणी कलाकुसर केली असावी. देठाजवळ एका बाजूला एक काळसर खपली, टाचणीच्या डोक्याएवढी.

"गांधीलमाशी चावली असेल का?" तो म्हणाला. "इथून फुटणार नाही ना? फुटलं तर बाद. त्यापेक्षा आताच खुडतो आणि शेजारच्या फळाला जोर देतो. तू काय म्हणतोस?"

मी वाकून बघितलं. मी काय म्हणणार? मी म्हटलं, "भरलेली खपली आहे, ठेव." तो म्हणाला, "तू म्हणतोस तर ठेवतो." आणि वर दुधाचा चहा पाजला.

एकच पाऊस जोराचा पडला की ती खपली उकलेल असं मला वाटतं. पण मी ठेव म्हटलं ते काही त्यासाठी नाही. कुणाचं फळ खुडायला सांगणं मला बरं दिसलं नाही, एवढंच.

एनक


मिडल्सब्रो
१८ जुलै १९३५

प्रिय एनक,

खपलीच्या आत काय आहे हे तुला ठाऊक आहे आणि तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे. आता आपण दोघंही कस्तूर विसरू.

अजून वेळ आहे. उद्या सकाळी भिंतीवरून त्याला सांग, मी पुन्हा विचार केला, खूड ते. कारण सांगायची गरज नाही. त्याचं शेजारचं फळ आहे, तुझी सात आहेत, जो जिंकेल तो जिंकेल. ते फळ तराजूपर्यंत गेलं तर मग गोष्ट तुमच्या दोन बागांची राहणार नाही, सगळ्या हॉलची होईल.

मी असतो तर काय केलं असतं, असं विचारशील. मी असतो तर कदाचित तुझ्याहून वाईट केलं असतं. मी धंद्यात वर आलोय, अशी गोष्ट मला नवी नाही. पण इथे माझ्या शेजारी कोण राहतो हेही मला नीट माहीत नाही. तुझ्या भिंतीपलीकडे एक माणूस आहे जो तुला बोलावून आपलं फळ दाखवतो. याचा मला हेवा वाटतो, हे लिहून टाकतो, म्हणजे माझंही मन साफ.

एमस


स्केलबेक
११ ऑगस्ट १९३५

प्रिय एमस,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. सांगायला भिंतीशी दोनदा गेलो. पहिल्या वेळी तो झुडपाशी बोलत होता, आणि दुसऱ्या वेळी एडा त्याच्याकडे पाई घेऊन आली होती. परत आलो. पाऊस पडला, तीन दिवस पडला, माझी दोन फळं फुटली. त्याचं ते फुटलं नाही.

काल स्पर्धा झाली. तराजूवर शेवटी माझं फळ आणि त्याचं फळ, एकाच तराजूच्या दोन पारड्यांत. त्याचं पारडं खाली गेलं, पण असं, की श्वास सोडला तर वर येईल. जेबेझने पेटीतलं सगळ्यात लहान वजन चिमट्याने उचललं आणि माझ्या पारड्यात टाकलं. काटा मधे उभा राहिला. त्या एवढ्याशा पितळेच्या तुकड्याने मी पाचव्यांदा दुसरा.

बशी आली. मी हात पुढे केला, तेवढ्यात रूबेन उभा राहिला. नवी कॉलर घातली होती, मान लाल झाली होती. म्हणाला, "खाण्याआधी एक सांगायचंय. जुलैत मी हे फळ खुडायला निघालो होतो. एनकने सांगितलं, ठेव. याच्या तोंडून ठेव निघालं नसतं तर आज मी इथे नसतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी. पाच वर्षांत माझ्यासाठी टाळी वाजली ती त्याच्या फळापायी.

पहिला घास गेला. दुसऱ्या घासाला दाढेखाली कट्ट झालं.

एमस, मला फक्त ते जिभेने पुढे आणून बशीत टाकायचं होतं. बशी चिनी मातीची, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला असता. शिशाचा छर्रा, आणि जिंकला किती फरकाने, तर सगळ्यात लहान वजनाच्या. रूबेनच्या खिडकीतली छर्ऱ्यांची बाटली सगळ्या गावाने पाहिलेली. मला एक शब्द बोलावा लागला नसता. फळ्यावर रंगाऱ्याने जागा सोडली होती आणि मी तिच्याकडेच बघत होतो.

जेबेझ म्हणाला, "एनक गार्बट, मन साफ करून सांग, कशी आहे?"

मी रूबेनकडे बघितलं. लोकांनी त्याला छर्रा घालून वजन वाढवणारा लबाड म्हटलं असतं आणि तो एक अक्षर न बोलता टोपी घेऊन घरी गेला असता. मी त्याला ओळखतो. मग उरलेला जन्म मी भिंतीपलीकडे त्याला गप्प राहिलेला बघायचा. म्हणजे तिथेही मोठा तोच. हे मला सोसणार नव्हतं. याला चांगुलपणा म्हणू नकोस, तुला माहीत आहे तसं काही नव्हतं.

गिळला. "गोड आहे," मी म्हणालो.

एडा पहिल्या रांगेत होती. घरी येताना तिने माझा हात धरला. रस्त्याने लोक होते तरी सोडला नाही. काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तिला काय कळणार, तिला त्यातलं काही माहीत नाही.

एनक


मिडल्सब्रो
१४ ऑगस्ट १९३५

प्रिय एनक,

काल दुकान बंद केल्यावर मी तसलंच एक काडतूस फोडलं आणि एक छर्रा औषधं तोलायच्या बारीक काट्यावर ठेवला. जेबेझच्या पेटीतलं ते लहान वजन मी पोरपणी हाताळलंय, त्याचा आकडा पक्का आठवतो. छर्रा त्याहून अगदी किंचित कमी भरतो. म्हणजे तो आत नसता तर तुमची पारडी जवळपास बरोबर होती, आणि बरोबरी झाली की स्पर्धेचा कप दोघांकडे सहा-सहा महिने. तुझं नाव फळ्यावर असतं.

हे लिहू नये असं वाटलं होतं. पण तू मनातल्या मनात हिशोब करत बसशील आणि चुकवशील, त्यापेक्षा खरा आकडा बरा. तू त्याचं फळ हलकं करायला गेलास आणि जड केलंस. माझ्या धंद्यात असं रोज होतं, पण शेवटी माल गिळणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलं नाही.

पोटाचं काय? एका छर्ऱ्याने काही होत नाही, कबुतरं खाताना आपण कितीतरी गिळलेत.

पुढच्या वर्षी मी येतोय. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे एडा दोन पाई करेल.

एमस


स्केलबेक
२७ ऑक्टोबर १९३५

प्रिय एमस,

पोट ठीक आहे. बंदूक वखारीत टांगलीय, लाकडात उंदीर झालेत, त्यांच्यासाठी. भिंतीशी नेत नाही.

तुझा आकडा वाचला. मी हिशोब आधीच केला होता, आणि चुकवला नव्हता.

आता मोठी बातमी. गेल्या आठवड्यात रूबेन आला, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली काडी. त्याच्या त्या झुडपाची. आजवर त्याने कुणालाही काडी दिली नाही, पाद्र्याने मागितली तेव्हाही नाही. म्हणाला, "छाटणी चालली होती, म्हटलं तुला द्यावी." मी म्हटलं, "मला का?" तो म्हणाला, "तू कशी गोड आहे म्हणालास ते मी बघितलं." मी म्हटलं, "गोडच होती." तो म्हणाला, "हो ना." आणि सायकलवर बसून गेला.

यात काय समजायचं? त्याला कळलंय का? कळलं असेल तर ही काडी क्षमेची, आणि ती मला नको. कळलं नसेल तर मैत्रीची, आणि ती मी कमावलेली नाही. एडाला विचारलं तर म्हणते, "काडी आहे, लाव." मी दोन दिवस ती बादलीत ठेवली. मग लावली. भिंतीजवळ नाही, पलीकडच्या कोपऱ्यात, जिथे त्याला दिसू नये.

लागली तर गाव म्हणेल, रूबेनच्या झुडपाची जातच अशी. वाळली तर म्हणेल, एनकने मारली. दोन्हीकडून हरणार मीच.

आज पहाटे कडक गारठा पडला, गवत पांढरं झालं. काडीवर घालायला हाताशी काही सापडेना, तर डोक्यावरची लोकरी टोपी काढून तिच्यावर घातली आणि कडेने माती दाबत बसलो. वर बघतो तर रूबेन, टपालाची पिशवी खांद्याला, फाटकाशी सायकल धरून उभा. किती वेळ उभा होता कोण जाणे.

म्हणाला, "एनक, डोक्याला गारठा लागेल."

मी म्हटलं, "तू तुझं टपाल बघ."

तुझा,
एनक